काकाचा पिणारा भाऊ

माझ्या काकाला माणसं आवडत नाहीत. दात आवडतात, आणि तेही त्याने स्वतः केलेले. देवाने दिलेल्या दातांबद्दल त्याचं मत असं की काम बरं आहे, पण फिनिशिंग नाही.

तो कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेतात, ते काकाकडे येतं. काका त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करतो, मेणाच्या हिरड्या करून त्यांत एकेक दात रोवतो, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लॅस्टिक भरून, शिजवून, घासून चकचकीत करतो. आमच्या घराच्या मागच्या खोलीत ही त्याची लॅब आहे. एक बाक, एक घासायचं मशीन, कोपऱ्यात प्लास्टरचं पोतं आणि फळीवर रांगेने मांडलेले लोकांचे जबडे. मापं आणणं आणि तयार कवळ्या डबीत घालून दवाखान्यांत पोचवणं हे काम काकूचं, लग्न झाल्यापासून. डॉक्टरांना काकाचं फक्त काम माहीत आहे आणि चेहरा काकूचा. हे डॉक्टरांचं नशीब. काका त्यांच्याशी बोलायला गेला असता तर एकानेही दुसऱ्यांदा माप पाठवलं नसतं.

कारण काका कुणाच्याही तोंडाकडे बघतो आणि त्याची किंमत ठरवतो. शेजारचा वकील हसला की म्हणतो, "पुढचे दोन खोटे आहेत. बाकीचा माणूसही." भाजीवालीचे दात बघून तो तिच्या संसाराचं भाकीत करतो. माझे बाबा त्याचे धाकटे भाऊ. ते गाडी चालवायला शिकवतात, आणि त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. काका म्हणतो, "दुसऱ्याच्या गाडीचा ब्रेक दाबणं हा काय धंदा झाला? त्याला नणंद म्हणतात." मी शिकले, पंपांच्या कारखान्यात लागले, तेव्हापासून मला तो 'इंजिनीअरबाई' म्हणतो, आणि त्या शब्दात इतका मान असतो की ऐकून अंग खाजतं.

आणि साऱ्या जगाला नाक मुरडणारा हा माणूस प्यायचा. सकाळी प्यायचा, कारण हात थरथरले तर दात सरळ बसत नाही. दुपारी प्यायचा, कारण सकाळची उतरली की हात थरथरायचे. आमच्या कारखान्यात एखादं मशीन असं वागायला लागलं तर पहिल्यांदा त्याची वीज तोडतात. घरात मात्र अशा गोष्टीला 'त्याचा स्वभाव आहे' म्हणतात आणि ताट वाढतात. बाटली प्लास्टरच्या पोत्यात असायची. हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असं त्याला वाटायचं. बाहेर येणाऱ्या त्याच्या हाताला कोपरापर्यंत पांढरं लागलेलं असायचं, आणि तो आम्हाला सांगायचा की आत्ताच हात धुऊन आलो.

मग एकदा त्याने दोन कवळ्यांची अदलाबदल केली. एका धिप्पाड, निवृत्त फौजदाराचे दात एका चिमणीएवढ्या म्हातारीच्या डबीत गेले. दवाखान्यात ते तिला बसवून बघितले, तर बसले नाहीत, पण क्षणभर ओठांतून बाहेर आले. तिच्या नातवाने किंकाळी फोडली. डॉक्टरांनी डबी काकूच्या हातात परत ठेवली आणि सगळ्या पेशंटांसमोर विचारलं, "बाई, तुमचे मिस्टर डोळे मिटून काम करतात का?"

काकू घरी आली, डबी बाकावर आपटली आणि म्हणाली, "आयुष्यभर तुमचे दात घेऊन मी दारोदार हिंडते. आज लोक माझं तोंड बघत होते."

"त्या म्हातारीला शोभले असते ते," काका म्हणाला. "जरा रुबाब आला असता."

काकूने पलंगाखालची बॅग काढली आणि तिच्यात साड्या भरायला लागली. तिची मुलगी दुसऱ्या शहरात असते. "पिणाऱ्यांच्या बैठका असतात. त्यांतली एक शोधा आणि जा. नाहीतर मी लेकीकडे जाते. आणि मी रुसून जात नाहीये. जाईन ती परत येणार नाही."

काका हसला. पण बॅगेची चेन लागल्याचा आवाज आला तेव्हा त्याचं हसू थांबलं, आणि त्याने माझ्याकडे बघितलं. "ए इंजिनीअरबाई, शोध काहीतरी. तुमच्या त्या फोनमध्ये सगळं असतं म्हणे."

फोनमध्ये सगळं असतं, ते खरं नसतं एवढंच. पहिल्या पत्त्यावर व्यायामशाळा निघाली. तिथला पोरगा दंड फुगवून म्हणाला, "दारू? सोडवतो की. आधी पोटावर काम करू." काका त्याला म्हणाला, "तू आधी डोक्यावर कर." दुसरी बैठक एका महागड्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर होती. तिथे एक बाई भिंतीवर चित्रं दाखवून यकृत समजावत होत्या आणि समोर बसलेले लोक परीक्षा असल्यासारखे लिहून घेत होते. काका दहाव्या चित्राला बाहेर आला. "सगळ्यांचे दात पांढरेशुभ्र," तो म्हणाला. "ही माणसं प्यायलेलीच नाहीत. नुसती चूळ भरून आलीत."

तिसरी बैठक सापडली ती एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. ती एका ओळखीच्या रिक्षावाल्याने सांगितली. तो स्वतः तिथे जात होता हे आम्हाला ठाऊक नव्हतं. "तिथे कुणी शिकवत नाही, काका," तो म्हणाला. "आपल्यासारखेच असतात. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कोण, कुठला, काय करतो, कुणी विचारत नाही. इथलं इथेच, एवढा एकच नियम."

"आपल्यासारखे?" काका म्हणाला. "तुझ्यासारखे म्हण."

तरी गेला. मी त्याला स्कूटरवरून दारात सोडलं. तासाभराने आला तो चक्क खुशीत. "बरी आहेत माणसं," एवढंच बोलला. माझा विश्वास बसेना. काकाने आजवर 'बरं' हा शब्द फक्त देवाच्या कामासाठी आणि एका बाहेरून आणलेल्या पॉलिशच्या डब्यासाठी वापरला होता.

पुढच्या आठवड्यात तो स्वतःहून तयार होऊन बसला. त्याच्या पुढच्या आठवड्यात इस्त्रीचा शर्ट. काकूने बॅग उघडली नाही, पण पलंगाखाली आणखी आत सरकवली. बाबा म्हणाले, "दादाला आपली माणसं सापडली." मला मात्र एक गोष्ट खटकत होती. बैठकीहून येणारा माणूस जरा तरी खाली मान घालून यायला हवा. हा लग्नाच्या बोलणीत मुलाकडचा असावा तसा यायचा. आणि प्लास्टर कोपरापर्यंत लागायचंच. पूर्वीपेक्षा कमी दिवस, पण लागायचं.

हे असंच चाललं असतं. पण एका सकाळी बाबा गाडी शिकवून आले ते लालबुंद होऊन.

आमच्या कोपऱ्यावर मेडिकलचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंची मुलगी बाबांकडे गाडी शिकत होती. त्या दिवशी मुलीच्या ऐवजी बाई स्वतः गाडीजवळ आल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून ती येणार नाही. राग मानू नका, पण तुम्ही आधी बरे व्हा."

"मला काय झालंय?" बाबांनी विचारलं.

बाईंनी आवाज खाली आणला. "लाजू नका हो. माझ्या घरीही तेच आहे. पण तुमच्या थोरल्या भावासारखा भाऊ मिळायला भाग्य लागतं. किती सोसतात ते तुमच्यासाठी! बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं."

माझे बाबा आयुष्यात पाणी सोडून दुसरं काही प्यायले असतील तर खोकल्याचं औषध, आणि तेही नाक दाबून. घरी येऊन ते अंगणातूनच ओरडले, "दादा! मी पितो?"

काका घरात नव्हता. काकू ओट्यापाशी होती. तिने बाबांचं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि मला विचारलं, "तू यांना दारात सोडतेस. वर कुठल्या खोलीत जातात, बघितलंस कधी?"

बघितलं नव्हतं. चौकशी केली, तर वर दोन खोल्या होत्या, समोरासमोर. एका खोलीत पिणारे बसायचे, समोरच्या खोलीत त्यांच्या घरची माणसं. कुणाची बायको, कुणाची आई, कुणाचा मुलगा. त्याच वेळी, तेच चहाचं पातेलं, तोच नियम. माझा काका पहिल्या दिवशी पिणाऱ्यांच्या खोलीत शिरला होता. तिथल्या वयस्कर गृहस्थांनी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांची खालची कवळी टक्कन वाजली. प्रत्येक वाक्याला टक. काका उठला. "ज्याला स्वतःची कवळी जागेवर ठेवता येत नाही, तो मला काय जागेवर ठेवणार?" हे त्याने नंतर मला अभिमानाने सांगितलं. मी न्यायला येईपर्यंतचा वेळ घालवायला तो समोरच्या खोलीत जाऊन टेकला. एका बाईंनी चहा पुढे केला आणि हळूच विचारलं, "तुमच्या घरी कोण?"

"भाऊ," काका म्हणाला.

झालं. त्या एका शब्दावर त्याने त्या खोलीत आपलं आसन मांडलं. आणि नुसता बसला असता तर गोष्ट वेगळी. तो बोलायचा. सल्ले द्यायचा. मेडिकलवाल्या बाईंना त्याने ठणकावून सांगितलं होतं, "नवऱ्याला घराबाहेर काढा. ही जात दयेने सुधारत नाही." एका आईला म्हणाला, "तुमचा मुलगा रडला तर समजा की त्याला अजून प्यायची आहे." बायका माना डोलवायच्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी म्हण आहे. माझ्या काकाच्या बाबतीत 'कोरडे' हा शब्दही लागू नव्हता.

त्या आठवड्यात काकू त्याला काहीच बोलली नाही. बाबांना तिने हात जोडून गप्प बसवलं, "भाऊजी, एवढा आठवडा." बैठकीच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून रिक्षाने पुढे गेला, आणि काकू माझ्या स्कूटरवर मागे बसली.

खोलीत पोचलो तेव्हा काका बोलत होता. दाराकडे पाठ होती. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. एका मुलाने आमच्या हातात चहा दिला आणि बोटाने 'नंतर' अशी खूण केली.

"माझा भाऊ," काका सांगत होता, "नंबर एकचा भित्रा माणूस. तुम्हाला वाटतं दारुड्याला हिंमत असते? छे. हा दरवाजा वाजला तरी दचकतो. बायको समोर आली की हा तिच्या चुका काढतो. का? तर तिने आधी काढू नयेत म्हणून."

कुणीतरी सुस्कारा टाकला. काकाला सुस्कारे आवडतात. तो इतका रंगात आला की भाऊ गाडी शिकवतो हेही विसरला.

"एक उदाहरण देतो. त्याच्या सासूला म्हातारपणी एक वस्तू हवी होती. काय ते सोडा. हा तीच वस्तू बनवतो. साऱ्या गावाला बनवून देतो. म्हातारी कधी तोंडाने मागायची नाही, पण बायकोने शब्द टाकला. याने माप घेतलं, साचा केला, आणि एक दिवस पिऊन त्याच साच्यावर बसला. चुरा झाला. आता साधी गोष्ट होती की नाही? परत जायचं, परत माप घ्यायचं. पण म्हातारीच्या तोंडाजवळ वाकायचं म्हणजे तिला वास येणार. मग याने काय केलं? घरी येऊन बायकोला सांगितलं, तुझ्या आईनेच नको म्हटलं. म्हणाली, जावयाच्या हातचं मला नको." काका जरा थांबला. "म्हातारी गेली. आणि हा अजून तेच सांगतो. थू अशा माणसावर."

माझ्या शेजारी काकूच्या हातात कपबशी होती. बशी वाजली नाही. तिने ती दोन्ही हातांनी धरली होती.

काका खुर्चीवर मागे रेलला. समोरच्या बाईंनी विचारलं, "आज नवीन कुणी बोलणार?"

"मी बोलते," काकू म्हणाली.

काकाने वळून बघितलं. दातखीळ बसणं हा शब्द मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी शिकले होते. त्याचा खरा उपयोग त्या दिवशी बघितला.

"मी यांच्या भावाची बायको," काकू म्हणाली.

खोलीत आधी कौतुकाची कुजबुज झाली. आमच्या घरात कोण कुणाची बायको हे ठाऊक नसलेल्या मेडिकलवाल्या बाई तर तिच्याकडे बघून गोड हसल्यासुद्धा. काकू त्यांच्याकडे न बघता बोलत राहिली, भाजीचा भाव सांगावा इतक्या सपाट आवाजात.

"माझ्या आईचे दात लवकर गेले. तोंडावर हात ठेवून हसायची ती. फोटोतसुद्धा. नवरा म्हणाला, आईने नको म्हटलं. मला राग आला. म्हटलं, एवढी कसली ऐट? जावई हाताने करून देतोय आणि ही नको म्हणते. मी तिच्याकडे जाणं कमी केलं. गेले तरी तुटक बोलायचे. ती विचारायची, काय झालं गं? मी सांगायचे नाही. शेवटी दवाखान्यात होती, तेव्हाही मी थोडी रागावलेलीच होते." तिने कप खाली ठेवला. "तिला कळलंच नाही मी का रागावलेय. मलाही आज कळलं, यांच्या भावामुळे. यांचे उपकार आहेत."

आता खोलीला समजायला लागलं. ते कसं समजलं ते मी बघितलं. एकेक मान काकूकडून काकाकडे वळत गेली. मेडिकलवाल्या बाईंचं हसू ओठांवरच विरलं. काका शर्टाची इस्त्री हाताने सारखी करत होता. मला त्याची दया आली नाही. दुसऱ्याच्या नावाने स्वतःवर थुंकणारा माणूस मी त्याआधी बघितला नव्हता, आणि त्यातही त्याने स्वतःसाठी सगळ्यात स्वच्छ खुर्ची निवडली होती.

"अहो," काकू म्हणाली, "तुमचा भाऊ समोरच्या खोलीत बसायला हवा ना?"

काका उठला. दारापर्यंत जाताना त्याचा पाय दोन खुर्च्यांना लागला. दोन्ही खोल्यांची दारं उघडीच असतात, त्यामुळे पुढचं आम्ही बसल्या जागेवरून बघितलं. तो समोरच्या उंबऱ्यावर थांबला. आत आमचा रिक्षावाला होता, त्याने सरकून जागा केली. वयस्कर गृहस्थ म्हणाले, "या, बसा." टक.

"तुमची खालची कवळी सैल आहे," काका उभ्या उभ्या म्हणाला.

"आहे," गृहस्थ म्हणाले. "पिण्याच्या दिवसांत जबडाच झिजवून घेतला. आता काही बसत नाही त्याच्यावर." टक.

तो बसला. मग म्हणाला, "माझा भाऊ..." आणि थांबला. त्या खोलीत कुणी सुस्कारा टाकला नाही, कुणी मान डोलवली नाही. रिक्षावाला तर नखं बघत होता. ती सगळी माणसं असे भाऊ बघून बघून कंटाळलेली होती.

"भाऊ गाडी शिकवतो," काका म्हणाला. "तो पीत नाही. मी पितो."

"बरं," गृहस्थ म्हणाले. "पुढे?"

एवढंच. काकाने आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य उच्चारलं आणि समोरच्याने त्यावर 'बरं' म्हटलं. त्याच्याइतकाच तुसडेपणा अंगात मुरलेली माणसं त्याला अखेर भेटली होती.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. काका त्याच खोलीत जातो. मध्ये एकदा घसरला, परत गेला. पोत्यात आता प्लास्टर असतं. काकू समोरच्या खोलीत जाते. मेडिकलवाल्या बाईंनी बाबांची माफी मागितली, पण मुलीला दुसरीकडेच घातलं. बाबा यावर अजून धुमसतात. काका म्हणतो, "तुझी बदनामी झाली? अरे, निदान चार लोकांना तू आहेस हे तरी कळलं." मी हे सगळं लिहू का असं विचारलं, तेव्हा त्याने परवानगी दिली. "लिही. तसंही तुझं कोण वाचतंय?"

बैठक संपली की दोघं जिना उतरतात, पुढे काका, मागे काकू. फाटकापर्यंत बोलत नाहीत. काका रिक्षात बसताना विचारतो, "काय सांगितलंस आज माझ्याबद्दल?" काकू म्हणते, "इथलं इथेच."

ती बॅग मात्र अजून भरलेलीच आहे. साडी हवी असली की काकू पलंगाखालून बॅग ओढते, साडी काढते, नेसते, धुते, वाळवते आणि घडी करून परत बॅगेत ठेवते. कपाटाचा तिचा कप्पा रिकामा आहे. परवा काकाला राहवलं नाही.

"हे घर आहे की धर्मशाळा?" तो म्हणाला. "किती दिवस त्या बॅगेतून राहणार आहेस?"

काकूने चेन ओढून बंद केली.

"ते तुमच्या भावाला विचारा," ती म्हणाली.